मामा कोणत्या कपाटात

मामा, तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीला होते आणि आता माझ्या वर्गातल्या पोरी मला मॅडम म्हणतात, म्हणजे पत्र लिहायला उशीर झालाच म्हणायचा. पण तुमच्याशी एकदा भांडायचं राहून गेलंय. घरात तुमच्याशी कोणी भांडत नसे, कारण तुम्ही उत्तरच देत नव्हता, पान लावत बसायचात. आताही देणार नाही, तर निदान माझं सगळं ऐकून तरी घ्या.

तुमचं काम आमच्या घरात कधी कोणी गंभीरपणे घेतलं नाही. तुम्हाला डॉक्टरेट मिळाली तेव्हा शेजारची म्हातारी नातवाला ताप आला म्हणून घेऊन आली होती. तुम्ही हात जोडून सांगितलंत, तर ती चिडून म्हणाली, "डाक्टर झाला न सुई टोचता येत नाई, मंग शिकला कायले?" मामीनं त्यावर पुढे वर्षभर तुम्हाला चिडवलं. त्या जाड बांधणीच्या प्रबंधाला आम्ही सगळे 'मामाचं तलावाचं पुस्तक' म्हणायचो. त्याचं खरं नाव काय, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. तुम्ही काविळीनं आठ-पंधरा दिवसांत गेलात, मामीनं पुस्तकं पेटीत भरून कोठीत ठेवली, आणि पुढे पेटी उघडली तर आत उधई लागून नुसती माती. तलावाचं पुस्तक त्यातच गेलं. तेव्हा मी रडलेसुद्धा नाही. मला वाटलं, विद्यापीठात एक प्रत असेलच, ती कुठे जाते!

तलावाची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. सौंदडच्या घरामागून वाट तलावाच्या बांधावर, पाळीवर चढते, मी पहिली-दुसरीत आहे आणि गावातले सगळे त्या पाण्याला मामा तलाव म्हणतात. मामा तर माझाच. म्हणून मी शाळेत छाती काढून सांगून टाकते, तो तलाव आमचा आहे. दोन दिवसांनी एक मासेवाला दारात येऊन तुम्हाला विचारतो, "सरजी, भाची म्हनते तलाव तुमचा हाय. आता मासोऱ्या तुमाले पुसून धराव्या लागन का?" मामी पदर तोंडाला लावून हसते. तुम्ही हसत नाही. मला हाताला धरून पाळीवर नेता, गवतात बसवता. "मालगुजार म्हनजे जुने जमीनदार. ते गेले, मालगुजारी गेली, म्हनून त्यायचे तलाव झाले माजी मालगुजारी. सरकार कागदावर मा. मा. लिवते. लोकायनं टिंबं खाल्ली न झाला मामा. तुहा मामा त्या मामाचा कोनीच नाई लागत." मी तोंड वाकडं करते. तेव्हा तुम्ही जे बोललात ते मला आजही तुमच्या आवाजात ऐकू येतं. "आपलं नाई त्याले आपलं म्हनू नये. गोड वाटलं तरी म्हनू नये." मग घरी येऊन मला गूळ-शेंगदाणे दिलेत. रागावून झाल्यावर खायला देणं ही तुमची जुनी सवय.

मी मोठी झाले, गोंदियाच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवू लागले आणि पीएच.डी.ला विषय घेतला मामा तलाव. दुसरा कोणता घेणार? गावोगाव हिंडले, पाणी कोण सोडतं, आधी कोणाच्या बांधीत, धानाच्या खाचरात जातं, भांडण झालं तर कोण मिटवतं, सगळं लिहून आणलं. कॉलेजनं सांगून टाकलं होतं की, नोंदणी पक्की झाली तरच पुढच्या वर्षी तास मिळतील. आणि विद्यापीठाच्या संशोधन समितीपुढे उभी राहिले तर एक वयस्कर सर चष्मा वर करून म्हणाले, "अहो, या विषयावर आपल्याच विद्यापीठात एकाने प्रबंध दिला आहे. सौंदडकडचे प्राध्यापक होते." मी म्हटलं, ते माझे मामा. सगळे हसले. "मामाचा विषय मामांनीच संपवला की काय!" मग त्यांनी सांगितलं, पुढच्या बैठकीला तो प्रबंध आणा आणि तुमचं काम वेगळं कसं ते दाखवा. नाहीतर ग्रंथालयाकडून 'उपलब्ध नाही' असं पत्र आणा, म्हणजे आमची हरकत नाही. दोन्ही नसेल तर नोंदणी रद्द.

मला खरं तर आनंद झाला होता. वाटलं, तुमचा हात धरूनच पुढे जायचं आहे. पहाटेची पॅसेंजर धरून मी नागपूरला जायची आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात वरच्या मजल्यावर, प्रबंधांच्या दालनात शिरायची. तिथे त्या वर्षी कॉम्प्युटर आला होता आणि म्हणून काहीच सापडत नव्हतं. जुनी कार्डं खणांतून काढून पोत्यात बांधली होती, आणि कॉम्प्युटरमध्ये भरणं अजून नव्या प्रबंधांच्याही पुढे सरकलं नव्हतं. तुमचं नाव सांगून उपयोग नाही. तिथली बाई स्वेटर विणत म्हणाली, "रॅकमंदी असन तर असन मॅडम. विषय पाहून शोधा." मी शोधलं. सिंचन पाहिलं, शेती पाहिली, भूगोल, इतिहास, अर्थशास्त्र, ग्रामीण विकास. 'तलाव' शब्द जिथे दिसला तो प्रत्येक प्रबंध उपसला. कुठे राजस्थानचे तलाव, कुठे तलावातलं शेवाळ. तुम्ही नाही. धुळीनं घसा बसला, परतीच्या गाडीत बोलायला आवाज उरत नव्हता. घरी आई विचारायची, भेटलं का? मी नकारार्थी मान हलवून जेवायला बसायची. बैठक जवळ येत चालली तशी मी देव पाण्यात घालून बसले. मनात वाईट वाईट यायचं. वाटायचं, तुम्ही प्रबंध लिहिलाच नसेल, सगळी घरच्यांनी रचलेली गोष्ट असेल, आणि मी एका नसलेल्या पुस्तकापायी भिकेला लागणार.

बाईलाच शेवटी माझी कीव आली. "कायले जीव काढून राहिल्या? मी साहेबाची सही आनून देतो, उपलब्ध नाही म्हनून. काम संपते तुमचं." मी हो म्हटलं. ती सही आणायला खाली गेली. तोवर मी समाजशास्त्राच्या गल्लीत फरशीवरच बसले. समोर खालच्या फळीवर विवाहसंस्था, हुंडा, सासू-सून संबंध, आत्येमामे भावंडांचे विवाह. त्यांच्यात एक मळकट निळी बांधणी, कण्यावर सोनेरी अक्षरं, 'मामा आणि गाव'. मला रागच आला. म्हटलं, कोणा रिकामटेकड्यानं मामावर पीएच.डी. केली? खाली आडनाव वाचलं. ते तुमचं होतं.

मामा, तुम्ही नावात तलाव का नाही घातला? इकडच्या माणसाला 'मामा' एवढं पुरतं हे मला कळतं, तुम्ही गालात हसतच ते नाव ठेवलं असणार हेही कळतं. पण ग्रंथालयात पुस्तकांवर विषयाचे नंबर घालणारा कुठल्या शहरातला कोण जाणे, त्याला मामा म्हणजे आईचा भाऊ. त्यानं तुम्हाला सरळ नातेवाईकांत नेऊन बसवलं. मी पाळीवर जी चूक केली तीच एका शिकलेल्या माणसानं विद्यापीठात केली, आणि त्याला रागवायला कोणी नव्हतं.

मी हसले, पुस्तक उघडलं आणि वाचता वाचता हसू संपलं. पाणी कोण सोडतं, आधी कोणाच्या बांधीत जातं, भांडण कोण मिटवतं. माझीच प्रकरणं, माझ्याच क्रमानं, माझ्यापेक्षा चांगली. मी ज्या म्हाताऱ्यांना विचारलं त्यांच्या बापांना तुम्ही विचारून ठेवलं होतं. माझ्यासाठी तुम्ही एक ओळ शिल्लक ठेवली नाहीत. तेवढ्यात बाई पत्र घेऊन आली. शिक्का, सही, सगळं. "घ्या मॅडम. नाई भेटत म्हनजे नाईच भेटत."

पत्र एका हातात आणि तुम्ही मांडीवर. पुस्तक परत सासू-सुनांच्या मधे सरकवायचं, एवढंच करायचं होतं. कोणाला कळणार होतं? तिथे मामाला शोधायला कोण येणार? माझे तास, माझी नोकरी, एवढी पायपीट, सगळं त्या एका फळीवर होतं. मला ते करायचं होतं, मामा, खरंच करायचं होतं. आणि तुम्ही मात्र त्या गवतातून उठायला तयार नव्हता. "गोड वाटलं तरी म्हनू नये."

मी पत्र परत दिलं. म्हटलं, भेटला.

"भेटला न? मंग रडून काऊन राहिल्या?"

"भेटला म्हणूनच," मी म्हटलं. तिला काही समजलं नाही, पण तिनं विणकाम ठेवून मला पाणी आणून दिलं.

समितीनं प्रबंध चाळला आणि विषय बदला म्हणून सांगितलं. त्या वयस्कर सरांनी तुमची स्तुती केली, ती मी उभ्यानं ऐकली. नोंदणी गेली, कॉलेजनं तास दुसऱ्याला दिले. पुढची काही वर्षं शिकवण्या घेतल्या, घरच्यांचे टोमणे खाल्ले, आणि रात्र रात्र तुम्हाला शिव्या घातल्या, हे लपवत नाही. मग दुसरा विषय घेऊन पुन्हा नोंदणी केली आणि पदवी मिळवली. तो विषय मला कधीच आवडला नाही, कोणी विचारलं तर मी बोलणं बदलते. आता कायमची नोकरी आहे. लोकांनी चांगलं झालं म्हटलं, आणि झालंही.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी निघताना बाई म्हणाली होती, "चुकीच्या जागी हाय न? अर्ज लिवून द्या, नंबर बदलून टाकू." संशोधकाचं ते कामच आहे. पुढे कोणी पोर तलाव शोधत आली तर तिचेही जोडे झिजायला नकोत. माझ्या विद्यार्थिनींना मी कपाट तोंडी सांगते, पण तो अर्ज काही माझ्यानं लिहवला नाही. तलाव आपला नव्हता, विषयही आपला निघाला नाही. नातेवाईकांच्या कपाटात मात्र तुम्ही अजून आहात, आणि तिथून तुम्हाला हलवायला मी कोणाला सांगितलेलं नाही.