गुड फ्रायडेची गाठ

मंगळवार, ३ मार्च १९३६

शी! कुंपण घातलं मेल्यांनी!

सकाळी प्रार्थनेला निघाले, तर आमच्या दारासमोरच, चर्चवाटेच्या तोंडाशी, डांबर फासलेल्या फळ्या ठोकलेल्या. डांबर ओलंच. हातमोजा खराब झाला. फाटक उपटून गवतात फेकलंय, मेलेली कोंबडी फेकावी तसं. वर पाटी — ‘खासगी जागा. कडलिप आणि मंडळी. अस्सल जुन्या धाटणीची नवी घरं.’

अस्सल जुनी नवी! लिहिणाऱ्यानं एकदा वाचून तरी बघायचं.

सडकेनं वळसा घालून गेले. पाऊण मैल जास्त. पोचले तेव्हा पहिलं स्तोत्र संपलं होतं.

गुरुवार, ५ मार्च

सासूबाईंना सांगावंच लागलं. नाताळापासून त्यांचे गुडघे पार गेलेत. वेताच्या चाकाच्या खुर्चीतून मी शेतातून ढकलत नेते, दहा मिनिटांत चर्च. सडकेवर चढ, शिवाय मोटारी. ऐकून म्हणाल्या, “मग आता मी चर्चला जायची ती पेटीतूनच. तेव्हा उचलायला सहा जण असतील. तुझी पाठ तरी वाचेल.”

असं बोलतं का कुणी! पण रविवारी पहिल्यांदाच घरी राहायचं म्हणून त्यांनी टोपी काढून कपाटात ठेवली, ते बघवलं नाही.

सोमवार, ९ मार्च

खाटकाकडे गेले नि गावभर किळस घेऊन परत आले.

तळ्यात कुणाची तरी बाबागाडी उलटी पडलीय. बदकं तिच्यावर बसून घाण करतात. लोहाराच्या भट्टीत चहाचं दुकान — नाल सोनेरी रंगवून भिंतीवर, नि घोड्याचा वाससुद्धा उरला नाही. चौकातल्या खोड्याला व्हार्निश लावलंय. चोरांचे पाय अडकवायचे त्यात आता लंडनहून आलेले जावईलोक पाय घालून फोटो काढतात! एल्मचं मोठं झाड पाडून तिथे बसचा थांबा. आणि ती नवी घरं! पुढच्या भिंतीवर काळ्या फळ्या चिकटवल्या की झालं तीनशे वर्षांचं. मागे नुसत्या विटा. सहाव्या घराची एक फळी आत्ताच लोंबकळतेय. त्या घराचं नाव ‘ओक कुटी’. ओकचं पानसुद्धा नाही आवारात.

तिथल्या मिसेस ट्रेस्कॉट खाटकाकडे भेटल्या. “तुम्ही इथल्या मूळच्या? अय्या, किती गोड!”

गोड! मी काय मुरंबा आहे?

बुधवार, ११ मार्च

पाद्रीसाहेब येऊन गेले. आशा आहे! वीस वर्षं विनाअडथळा लोक चालले असतील, तर ती वाट कुणाच्या बापाला बंद करता येत नाही (त्यांनी ‘बाप’ म्हटलं नाही). कौन्सिलची चौकशी २३ एप्रिलला, चर्चच्या सभागृहात. मला म्हणाले, “पहिल्या साक्षीदार तुम्ही. फाटक तुमच्या दारात, आणि तुम्ही सगळं लिहून ठेवता.”

सासूबाईंनी टोपी कपाटातून काढून खुंटीला लावली.

शुक्रवार, १० एप्रिल — गुड फ्रायडे

आज कसंही करून सासूबाईंना सडकेनं नेलं. दोन मोटारींनी चिखल उडवला. एका ड्रायव्हरनं हात हलवला — जणू आम्ही जत्रेला निघालोय.

आज बांधायला फाटक नव्हतं. हात रिकामे वाटले.

१९१७ साली म्हाताऱ्या गॅरडनं मला ते काम दिलं. शेत त्याचं. (तो गेला नि पुतण्यानं वर्षाच्या आत कडलिपला विकलं.) म्हणाला होता, “बाई, आजच्या दिवशी प्रभू क्रूस घेऊन लांबची वाट चालला. आपण जवळची धरू नये. माझे गुडघे चालत नाहीत. फाटकाला तेवढी दोरी बांधाल?” डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या. तेव्हापासून एकोणीस वर्षं, दर गुड फ्रायडेला सकाळी प्रार्थना पुटपुटत दोरी बांधायची, शनिवारी सोडायची. सगळं गाव वळशानं जायचं, उपाशीपोटी.

एक सासूबाईच तेवढ्या, “तुम्ही व्हा पुढे, मी येते हळूहळू.” नि पोचावं तर त्या आधीच बाकावर! दूधवाल्याच्या गाडीत बसून येत असणार. आणि बूट घोट्यापर्यंत चिखलानं माखलेले, अशा पवित्र दिवशी, वेदीसमोर! मला शिसारी यायची. मीच रुमालानं पुसून काढायची.

सोमवार, २० एप्रिल

लिहवत नाही.

पाद्रीसाहेब साक्षीची तयारी करून घेत होते. हसत म्हणाले, “फाटक कधी बंद नव्हतं ना? नाही, जमीनदारांची जुनी युक्ती असते. वर्षातून एक दिवस बंद ठेवायचं. मग वाट लोकांची होत नाही, मालकाचीच राहते.”

चहाचा कप हातात तसाच राहिला.

गॅरड! प्रभूचं नाव घेऊन! आणि बांधली कुणी? मी! कडलिपच्या फळ्यांची किळस करत बसले, त्याच्याआधी एकोणीस वेळा मीच ती वाट बंद केली.

जुन्या रोजनिश्या काढल्या. दर वर्षी तेच — ‘फाटक बांधलं. मन शांत.’ हिशेबाच्या वहीत दोरीचा खर्चसुद्धा टिपलाय.

हे म्हणाले, “अगं, विचारलं तर ‘आठवत नाही’ म्हण. गॅरड मेला. दोरी काय साक्षीला येणार?”

बायबलवर हात ठेवून?

सासूबाईंना सांगायची हिंमत नाही. खुर्चीच्या चाकांना तेल घाल म्हणत होत्या.

गुरुवार, २३ एप्रिल

सभागृह भरलं होतं. सासूबाई घरीच, पायाला कळ लागली म्हणून. बरंच झालं.

कडलिपच्या वकिलानं विचारलं, “फाटक कधी बंद असायचं का?”

एक क्षण — खोटं नाही लिहीत — ‘नाही’ जिभेवर आलं होतं.

“हो,” म्हटलं. “दर गुड फ्रायडेला. मीच बांधायची.”

मागून खाटीक ओरडला, “शाब्बास, बाई! आता चर्चलाही कुलूप घाला!” पाद्रीसाहेबांनी मान खाली घातली.

चौकशीवाल्या साहेबांनी चष्मा काढून विचारलं, “त्या दिवशी वाटेनं कुणीच जात नव्हतं? नीट आठवा. लोक दोरी न जुमानता जात असतील, तर गोष्ट वेगळी.”

“कुणी नाही,” म्हटलं. “एकही नाही.”

कडलिप हसला. दात त्याच्या घरांसारखे, पुढून तेवढे चकचकीत.

निकाल सोमवारी. तोवर आणखी कुणाची साक्ष असेल तर तीही ऐकू, म्हणाले साहेब.

शुक्रवार, २४ एप्रिल

सासूबाईंना सगळं सांगितलं, एका दमात. त्या चहा ढवळत राहिल्या. मग म्हणाल्या, “विनी, कसली गं गाठ मारायचीस तू! ओढली की सुटायची. परत बांधताना मात्र हुबेहूब तुझ्यासारखी बांधायचे. म्हटलं, पोरीला वाईट वाटायला नको.”

“आई — दर वर्षी?”

“एकोणीसच्या एकोणीस. प्रभूला लांब चालवलं ते दुष्टांनी. मी का म्हणून चालू?”

ते बूट!

टोपी ब्रश केली. चाकांना तेल घातलं. सोमवारी त्यांना सडकेनं न्यायचं, साक्षीला. एकही नाही, असं मी शपथेवर सांगितलं, आणि ते खोटं निघालं. देवा, तुझे किती उपकार!