विसरलं तरी चालणारा चाकू

१ नोव्हेंबर, रविवार

मुलाने चाकू आणला. माझ्या जुन्यासारखा घडीचाच, पण स्टेनलेसचा. डबीत मखमल, मखमलीवर चाकू — एवढा चकचकीत की पात्यात माझ्या हनुवटीवरचा केस दिसला. म्हणाला, "आई, हा गंजत नाही. पुसायला नको, तेल नको. विसरलीस तरी चालेल."

विसरलीस तरी चालेल. तिथेच डोकं फिरलं माझं.

मान्य, पातेलं करपलं. नळ चालू राहिला आणि खालच्या बिऱ्हाडाच्या गादीवर पाणी गळलं, तेही मान्य. म्हणून डॉक्टर म्हणतो रोज लिहीत जा. चौथीपर्यंत शाळा माझी, पण लिहिते. मुलगा मात्र म्हणतो काम बंद कर, आमच्या मागच्या खोलीत राहायला ये. जशी काय मी खुर्ची आहे — इथून उचलली, तिथे ठेवली. खुर्च्या विणायचं काम माझं. उचलून ठेवायचं काम हमालाचं.

माझा चाकू काढून त्याच्यापुढे ठेवला. नवऱ्याचा आहे. नवरा गेला, चाकू राहिला. दोघांत जास्त कोण बोचायचं ते मला माहीत. साधं पोलाद, धारवाला त्याला कार्बन म्हणतो. दिवसभर ओला वेत कापायचा, सोलायचा. एक रात्र पुसायचा राहिला की सकाळी गंज आलाच म्हणून समजा.

म्हटलं, "माझ्या डोक्याची परीक्षा घ्यायचीय ना? ह्याला विचार. महिनाअखेरीपर्यंत ह्याच्यावर गंजाचा एक डाग दिसला, तर वेत भिजवायची बादली पालथी घालते आणि येते तुझ्या मागच्या खोलीत. नाही दिसला, तर पुन्हा विषय काढायचा नाही."

"ठरलं?"

"ठरलं."

हात मिळवला. हाताला ग्रीजचा वास. गॅरेजमध्ये जन्म गेला त्याचा, दिसेल त्याला ग्रीज फासतो. मागे माझ्या दाराच्या बिजागरीला फासून गेला, कुरकुरते म्हणून. ती कुरकुरायची म्हणून तर कोण आलं ते कळायचं मला.

३ नोव्हेंबर

पुसला. तेल लावलं.

४ नोव्हेंबर

पुसला. तेल लावलं. लिहायला दुसरं काही नाही. डॉक्टरला एवढंच पुरे.

५ नोव्हेंबर

फोटो स्टुडिओवाल्याची खुर्ची आलीय. बैठक पार खाली लोंबतेय. म्हणाला, "आजी, गिऱ्हाईक आत जातं आणि फोटोत नुसते गुडघे येतात."

म्हटलं, नव्या पाहुण्यालाही संधी देऊ. एक वेत आपल्या चाकूने सोलला, एक स्टेनलेसने. आपला चाकू रेषेवर लागला की लागला, सालपट लांबच्या लांब निघून येतं. नवा मधेच बाहेर घसरतो. पाठीतच जाड आहे तो. ते पोलादाचं पाप नव्हे, घडवणाऱ्याचं, एवढं मी समजते. दगडावर घेतला. आपला चार हात फिरवले की तयार. ह्याला घासून घासून खांदा दुखला, आणि धारेला घासलेल्या पोलादाची बारीक तार चिकटून बसली ती सुटेना. हट्टी आहे. पण एकदा धार आली तर टिकली, खोटं कशाला बोलू.

तरी हरला.

८ नोव्हेंबर, रविवार

पहिली तपासणी. मुलगा चष्मा लावून, सून कमरेवर हात ठेवून.

सून म्हणाली, "हे बघा ना आई, काळं पडलंय. झाला की गंज!"

"काळं म्हणजे गंज नव्हे. गंज तांबडा, बोटाला लागतो. ही त्याची कातडी आहे. वापरून वापरून येते, आणि आली की उलट गंजाला जरा अडवते. तुझ्या तव्याला गंजका म्हणतेस का?"

"तव्याने मी सफरचंद कापत नाही."

तिच्या जिभेला धार आहे. म्हणून तर आमचं जमतं.

मुलाने कोपऱ्यावरच्या धारवाल्याला बोलावलं, पंच म्हणून. त्याने पातं पांढऱ्या रुमालावर घासलं. रुमाल तसाच. म्हणाला, "गंज नाही. आणि आजी, हे काळं नव्हे, हा अनुभव."

"गोड बोलू नकोस, चहाच मिळेल फक्त."

"मग खरं सांगतो. स्टेनलेसला आळशी मालक चालतो, ह्याला नाही चालत. बाकी कापायचं काम दोघेही करतात."

"तू कोणाच्या बाजूचा?"

"दोन्ही बोथट होतात आजी. मी दोघांच्या बाजूचा."

सगळे हसले. मीही. पण रविवार माझा.

१० नोव्हेंबर

मुलगा हल्ली रोज सकाळी गॅरेजला जाताना येतो. दूध ठेवायला म्हणे. किल्ली आहेच त्याच्याकडे, आणि बिजागरीला ग्रीज. मी अंथरुणातच असते, पत्ता लागत नाही. उठते तर दूध ओट्यावर. आधी आठवड्यातून एकदा तोंड दाखवायचा. पैज लागल्यापासून दुधाचा एवढा पुळका! पाळत ठेवतो, दुसरं काय. ठेव म्हणावं.

१३ नोव्हेंबर

डोळा उघडला आणि आठवलं. काल चाकू पुसलाच नाही. बादलीच्या काठावर, ओल्या वेतावर ठेवलेला डोळ्यांपुढे दिसत होता. चप्पल न घालता गेले.

खणात होता. कोरडा. तेल लावलेला, मिटलेला.

म्हणजे पुसला होता! डोक्याला आठवत नाही, पण हाताने केलं. इतक्या वर्षांचं वळण आहे हाताला. डॉक्टरला सांगायला हवं, माझं डोकं तपासतोस कशाला, हात तपास.

१७ नोव्हेंबर

तेल संपलं. शिलाई मशीनचं तेच वापरते मी. बाटली उलटी करून तळहातावर ठोकली, थेंब नाही. उद्या आणायचं.

स्टुडिओवाला खुर्ची घेऊन गेला. बसून बघितलं, उठून बघितलं, परत बसला. म्हटलं, "पुरे. फोटो काढायचाय, अंडी नाही उबवायची."

२० नोव्हेंबर

हे इथेच राहू दे. आज लिंबू आपल्या चाकूने चिरलं. चिरलेल्या जागी काळं, आणि सरबताला लोखंडाची चव. मग दुसरं त्या चकचकीत चाकूने चिरलं. स्वच्छ. नुसती लिंबाची चव. सुनेला कळलं तर महिनाभर ऐकवेल.

फळांना तो बरा. बस. ह्याहून जास्त कौतुक मिळणार नाही त्याला.

२४ नोव्हेंबर

तेल संपलंय. आणायला हवं.

आज सून चिठ्ठी चिकटवून गेली गॅसपाशी — "बंद केला का?" फाडून टाकली. मग गॅस बघून आले. बंद होता. म्हणजे, बघायला गेले तेव्हा बंद केला.

२९ नोव्हेंबर, रविवार

जिंकले.

मुलाने पातं उघडलं. चष्मा लावून बघितलं, चष्मा काढून बघितलं, उजेडात धरलं. सांध्यातसुद्धा डोकावला. डाग नाही. सुनेनेही रुमाल घासला. तांबडं काही नाही.

"जिंकलीस," म्हणाला.

"मोठ्याने बोल."

"जिंकलीस आई. पुन्हा विषय काढणार नाही."

सून म्हणाली, "आता चढून बसतील डोक्यावर."

"बसेन. बैठक चांगली विणलेली असेल तर."

मागच्या खोलीला म्हणे रंग दिला होता. वाया गेला. हळहळतील थोडे. पण मुलाचं तोंड हरल्यासारखं दिसत नव्हतं. जाताना पाठीवर हात ठेवून गेला. हरलेल्या माणसाने एवढं खुशीत जाऊ नये.

३० नोव्हेंबर

चाकूला आज लाड म्हणून जास्तीचं तेल लावायचं ठरवलं. बाटली घेतली. कोरडी ठणठणीत, झाकणावर धूळ. तेल आणलंच नाही मी.

पात्यावरून बोट फिरवलं. जाडसर लागलं. नाकाशी नेलं. ग्रीज.

बादलीपाशी बसून राहिले. मग मुलाला फोन लावला. म्हटलं, "तुझ्या त्या मागच्या खोलीची खिडकी उघडते का? वेताची बादली उजेडात लागते मला." पलीकडची ठोकाठोक थांबली. "ऐकतोस ना? खुर्च्या बंद होणार नाहीत. तुझा चकचकीत चाकू फळांना राहू दे, कामाला हाच. आणि पुसणार मी. तू हात लावायचा नाहीस. तू फक्त रोज विचारायचं — आई, पुसलास का?"