तपासणीच्या दिवशीची हजेरी

सोमवार, ३
दोन शिक्षिका रजेवर. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत कोंबून मीच शिकवलं — घसा बसला. मुलींचं स्वच्छतागृह तुंबलेलंच. प्लंबर म्हणतो, उद्या. गेला आठवडाभर उद्याच म्हणतोय!
दुपारी प्रशिक्षण. विषय — मुख्याध्यापकाची नेतृत्वमूल्ये. वक्त्याने पडद्यावर शिडी दाखवली, पायरीपायरीवर एकेक मूल्य. या गृहस्थाने कधी तुंबलेल्या स्वच्छतागृहाचं दार उघडलंय का? मला तर डुलकी लागली.

मंगळवार, ४
पुढच्या गुरुवारी तपासणी. शिक्षणाधिकारी साहेब वर्गात येऊन हव्या त्या मुलाला उभं करून वाचायला लावणार. शेरा चांगला मिळाला तर पत्र्याच्या खोल्या पाडून पक्क्या बांधून देणार.
लगेच उपमुख्याध्यापिका आल्या. मी मनात त्यांना साखरबाई म्हणते. आवाज कधी चढत नाही. "मोठ्या बाई, कच्च्या मुलांना त्या दिवशी घरीच राहू द्या ना. सगळ्याच शाळा करतात." म्हटलं, "करू देत. आपण नाही करायचं." "मग खोल्यांचं विसरा."
कच्ची मुलं म्हणजे कोण? तिसरीतली खारूताई! पेन्सिली कुरतडते म्हणून हे नाव, तेही माझंच. अक्षरं येतात, पण जोडून शब्द वाचायचा म्हटलं की घाम फुटतो. मधल्या सुट्टीत माझ्या खोलीत वाचायला बसते. आज अख्खी ओळ वाचली! मी उठून टाळ्या वाजवल्या तर म्हणे, "हळू ना, मोठ्या बाई. शिपाईकाका बघतायत."

गुरुवार, ६
बैठकीत ठणकावून सांगितलं — एकही मूल घरी राहणार नाही. मग मागून कुणीतरी, "तत्त्वं तुमची, आणि पत्र्याखाली भाजायचं आम्ही." फार लागलं. माझ्या खोलीत पंखा आहे, वर स्लॅब आहे.
तरी हट्टाने वर्गावर्गात गेले. तिसरीत म्हटलं, "तपासणीला सगळ्यांनी यायचं. एखाद्याला वाचता नाही आलं तरी चालेल." सगळ्या माना एकदम खारूताईकडे वळल्या! ती खाली बघत राहिली. आणि मी आपली बोलतेच आहे, बोलतेच आहे.

शनिवार, ८
घरी सगळं सांगितलं. हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "शाळा काय तुझ्या नावावर करून देणार आहेत?" भाजी करपली. मुद्दाम तीच वाढली.

मंगळवार, ११
शिक्षकांच्या खोलीत शिरले की बोलणं थांबतं. चहासुद्धा आता कुणी विचारत नाही.

बुधवार, १२
खारूताई मधल्या सुट्टीत आली नाही. बाकी मुलींबरोबर खेळत असेल — बरंच आहे.

गुरुवार, १३
खारूताई गैरहजर!
साखरबाईंना जिन्याखाली गाठलं. "तुम्हीच सांगितलंत ना तिला?" डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "माझ्या मुलांची शपथ, मी तोंडातून चकार शब्द काढला नाही." मी विश्वास ठेवला नाही. वाट्टेल ते बोलले.
साहेबांनी तिसरीत पाच-सहा मुलं उभी केली. सगळ्यांनी धडाधड वाचलं. साहेब खूश. "मॅडम, तुमच्या शाळेत एकही मूल मागे नाही. याला म्हणतात नेतृत्व! खोल्या मंजूर समजा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ओठांवर आलं होतं — एक आहे साहेब, आज आली नाही. पण शिक्षकांचे चेहरे बघितले. आठ दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसत होते. आणि मी, तत्त्वांची पुतळी, काय म्हणाले? "आभारी आहे, साहेब."
शी!

शुक्रवार, १४
खारूताई माझ्याआधी फाटकाशी हजर. बाजूला घेतलं. "काल पोट दुखत होतं?" नाही. "आईनं थांबवलं?" नाही. "मग साखर— उपमुख्याध्यापिका बाईंनी?"
"कुणीच नाही. माझं मीच ठरवलं." मग माझा पदर ओढून, हळूच, "मोठ्या बाई, मिळाल्या ना आपल्याला खोल्या?"
मी हो म्हटलं. ती उड्या मारत वर्गात पळाली.