टँकरमागं पळणारी आई

धवलदादा,

कुपवाडचं काम सोडलं मी. त्याआधी पाचगणीतलंही सोडलं होतं, पण तिथल्या हॉटेलात कानावर पडलेल्या इंग्रजीमुळं मोबाईलवर तुझं भाषण कळलं. इंजिनियर म्हणून कॅनडाला गेलास, आता तिथला खासदार झालास, लय भारी. पण भर संसदेत म्हणालास, "जतच्या उन्हात माझी आई घागर घेऊन टँकरमागं पळायची."

ऐकून किळस आली. तुझी आई साताऱ्यात होती, घरात दोन नळ. पळायची ती माझी आई. सुट्टीला आमच्याकडं जतला आलास की तुला अंघोळीला दोन बादल्या लागायच्या ना, म्हणून.

परवा भाषण लावलं तेव्हा आई शेजारीच बसून बघत होती. म्हणाली, "माझं नाव घेतलं का रं त्यानं?"

"व्हय. काकूनं लय केलं म्हणाला."

"बघ, इसरला न्हाई पोरगं." डोळे पुसून ती गल्लीत सांगायला गेली.

तुझ्या खोट्यात मी माझं खोटं घातलं, त्याचीही किळस येतेय. पत्र धाडलं तर तू लाजून तिला फोन करशील, माफी मागशील. मग तिला कळेल की तिचं नाव तिथं कुणी घेतलंच नव्हतं. म्हणून धाडत नाही.

तुझ्या काकूचा,
निमिष