२०१६ हे सन नव्हे

सेनगाव
१२ नोव्हेंबर २०२५

आदरणीय व्याही नरसिंगराव यांना भीमराजचा सविनय जयभीम. विहीणबाईंचे गुडघे आता कसे आहेत? चि. प्रमोद आणि आमची संध्या मजेत असतील. इकडे जनकाबाईची तब्येत उत्तम आहे. माझीही शरीरापुरती ठीक आहे. बाकीचं फोनवर सांगायला धीर होईना, म्हणून लिहितो.

मागच्या महिन्यात तुम्ही आलात, तेव्हा तुमचं ते पहिल्या पगारात घेतलेलं, काट्यांऐवजी आकडे दाखवणारं घड्याळ बंद पडलं होतं. हिंगोलीत सेल टाकून घेतो, असं तुम्ही म्हणत होतात. मीच हात पुढं केला, "द्या इकडं, त्यात काय!" (एकतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य आपोआप निघतं.) झाकणाचे चार स्क्रू काढले (एक सतरंजीत गेला, दुसऱ्या दिवशी झाडूत सापडला) आणि सेल उपसला. त्यावर लिहिलेलं २०१६. मी समजलो, हे सन. नऊ वर्षांचा सेल, मेला तर नवल काय! हिंगोलीला डेपोजवळच्या हरिचंदच्या घड्याळाच्या दुकानात जाऊन ऐटीत म्हणालो, "यंदाचा द्या, २०२५ चा." दुर्दैव असं, की २०२५ नंबरचाही सेल असतो आणि तो त्याच्याकडं होता. तो बिचारा म्हणाला, "सर, जुना दाखवा की. मापात असतो त्यो." मी म्हणालो, "मी सायन्सचा मास्तर हाय." त्यानं २०२५ काढून दिला.

घरी सेल बसेना. रुंदीला बराबर, पण जाडीला वर येऊन राहिला होता. नवा आहे, दबेल, असं वाटलं. (कोणत्या नियमानं, ते विचारू नका.) जनकाबाईला झाकण दाबून धरायला लावलं आणि मी स्क्रू आवळले. आत कट्ट असा आवाज झाला. उलटवून बघतो तर काचेत शाई सांडल्यासारखा काळा डाग, आकडा एकही नाही. नेमका त्याच दिवशी तुमचा फोन आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की हरिचंदनं बिघडवलं.

मला वाटलं, विषय मिटला. पण तुम्ही सरळ माणूस. दुसऱ्याच दिवशी दुकानात जाऊन चार गिऱ्हाइकांसमोर तुम्ही त्याला झाडलंत आणि मला तसं कळवलंत.

काल हिंगोली गाठली. दुकानाच्या पायरीवर दोनदा चप्पल काढली, दोनदा घातली. हरिचंदनं मला बघून स्टूल पुढं केलं. घड्याळ उघडून सावकाश सांगितलं, "सर, पहिले दोन आकडे रुंदीचे, वीस मिलिमीटर. मागचे दोन जाडीचे. सोळा म्हंजे एक पॉइंट सहा, पंचवीस म्हंजे अडीच. सन न्हाई त्यो." (पोरांना 'आधी मोजा' म्हणून आयुष्यभर मीच ओरडलो.) मग झाकणावरचा नंबर जुळवून त्यानं भंगारातल्या तशाच घड्याळाची स्क्रीन बसवली, २०१६ चा सेल टाकला आणि आकडे उमटले.

मी विचारलं, "व्याही भांडायला आले तव्हा खरं काहून न्हाई सांगितलं?"

तो खाली बघतच म्हणाला, "तुमची लेक त्यांच्या घरात हाय ना, सर."

नरसिंगराव, मी त्या स्टुलावर बसून रडलो. त्यानं शटर अर्धं खाली ओढलं.

घड्याळ या पत्रासोबत जीपवाल्या संतोषच्या हाती पाठवत आहे.

तुम्हाला तोंड दाखवायला कचरणारा,
भीमराज

ता. क. खरं काम आता लिहितो. तुम्ही एकदा हरिचंदकडं जाऊन चार लोकांसमोर सांगा, की त्याची चूक नव्हती. एकट्यानं जमलं तर उपकार होतील. माझं नाव घ्यायलाच हवं असं नाही.

आणखी ता. क. वरचं वाचून जनकाबाई म्हणाली, "खोडा ते, अन् सोता जा." खोडत नाही, व्याही कसा मिळाला ते तुम्हाला कळू दे. शनिवारी सकाळी दहाला मी दुकानासमोर उभा असेन. गिऱ्हाइकं जमली की बोलेन. तुम्ही मात्र या. गिऱ्हाइकांचं काही नाही, तुमच्यासमोर बोलणंच जड आहे.