एका किलोला एक चमचा

प्रिय धाकट्या,

दोन वर्षांनी माझं अक्षर दिसलं म्हणून पत्र फाडू नकोस. आधी वाच, मग खुशाल फाड.

मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण मी त्यांना दाद देत नाही. तुझे दादा अजून दर रविवारी कार्प माशांना गळाला लावायला पिठाचे गोळे मळतात, त्यात स्ट्रॉबेरीचा इसेन्स घालतात. शाळेत असताना तू त्यातला एक गोळा खाल्ला होतास, आठवतं? हे म्हणाले होते, "मासा नाही तर नाही, भाऊ तरी गळाला लागला!"

एका किलो पिठाला एक चमचा, अशी चिठ्ठी मीच बाटलीवर चिकटवली होती. जास्त झाला की इसेन्स कडू होतो आणि कार्प गोळा तोंडात घेऊन थुंकून टाकतो. पण यांचं एकच, "मापं तुझ्या प्रयोगशाळेत ठेव. मला नाक आहे."

मग ते वर्ष आलं. तीन महिने एक मासा लागला नाही. इसेन्सच्या बाटल्या तू आणायचास, म्हणून तळ्यावर चारचौघांत यांनी तुला झापलं, "पाणी घातलेला माल आणतोस. वासच नाही याला. सख्ख्या भावाला फसवतोस?" तू तसाच तडक माझ्याकडे आलास. म्हणालास, "वहिनी, तू शिकलेली आहेस. एकदा हुंगून तर बघ." मी बाटली हातातसुद्धा घेतली नाही. म्हटलं, "आधी मोठ्या भावाची माफी माग, मग उंबरठा ओलांड." तू बाटली पायरीवर ठेवून गेलास.

खरं सांगते, त्या दिवसांत त्या वासाने माझं डोकं उठायचं. पडदे, उशा, सगळं स्ट्रॉबेरी. मी रोज कटकट करत होते. आणि तरीही बाटलीला वास नाही, हे यांचं म्हणणं मी खरं धरलं. रसायनशास्त्राची पदवी घेतलेली बाई मी!

गेल्या महिन्यात दूध करपून भांडं काळं झालं. हे शेजारीच पेपर वाचत बसलेले, यांना वासाचा पत्ताच नाही. मी यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून नाकाखाली कॉफी धरली, लवंग धरली, साबण धरला. प्रत्येक वेळी उत्तर एकच, "काही नाही." कधीपासून, असं डॉक्टरांनी विचारलं. मी दोन वर्षं म्हणाले, आणि तू पायरीवर ठेवून गेलेली बाटली आठवली. हा विसरण्याचा आजार आहे, यात आधी नाक जातं म्हणे, मग आठवण.

तर धाकट्या, तुमचं भांडण हे विसरलेत. रविवारी दोन्ही गळ घेऊन पायरीवर बसतात आणि म्हणतात, "अजून आला कसा नाही हा? आळशी झालाय." मी म्हणते, येईल. ते तुझी माफी मागणार नाहीत, कशाची मागायची हेच त्यांना ठाऊक नाही. म्हणून मी मागते. तू खरं बोलत होतास, आणि तुला दारातून घालवलं ते मी. परवा पिठाने भरलेल्या हातांनी त्यांनी मला अदबीने विचारलं, "बाई, आपण कोणाकडे आलात?" तुझं नाव मात्र अजून घेतात. घेतात तोवर ये.

तुझीच,
वहिनी