खुंटीवरची माळ

१३ जाने.
पोलिसांच्या त्या मशीनमध्ये फुंकलं अन् सगळं बदललं. माझ्या शीतलला बघायला पाहुणे येणार कळलं, म्हणून प्यालो होतो. तसाच गाडीवर पिंपळगावला, तिच्या गावाला निघालो. भोकरदनला पोलिसांनी धरलं.
आज कोर्ट. दंड, लायसन बंद, वर दर रविवारी जालन्याला व्यसनमुक्ती केंद्रात हजेरी. जजसाहेब म्हणाले, "कॉलेज अर्धं सोडलंस ना? हा वर्ग पुरा कर." भडकलोच होतो. वकिलानं हात दाबला.

१९ जाने., रवि.
पहिला वर्ग. मॅडमनी विचारलं, "कधी पितोस?"
"राग आल्यावर."
"अन् राग कधी येतो?"
"शी.ची आठवण आली की."
शेजारचे ट्रकवाले काका म्हणाले, "आमचं उलटं हाय. बायको समोर दिसली की!"
मॅडमसुद्धा हसल्या.

२३ जाने.
आईनं महाराजांच्या हातून गळ्यात तुळशीची माळ घातली. "आता दारू बंद. कशाला जातो जालन्याला?" कोर्ट माळ मोजत न्हाई, हे तिला पटत न्हाई.
शी.चा फोन: "माळकरी पोराला आमचे आप्पा पोरगी द्यायला न्हाई म्हणणार न्हाईत. येड्या, टिकव!"
दिवसभर एकटाच हसून राह्यलो.

९ फेब्रु., रवि.
काल मित्राची, संत्याची हळद. माळ काढून खुंटीला अडकवली, दोन घोट घेतले, परत घातली. गावात सगळे असंच करतात. गळ्यात नसली की पाप न्हाई.
आज मॅडमनी नुसतं माळेकडं पाह्यलं. तोंडातून निघूनच गेलं सगळं.
रागावल्या न्हाईत. "माळ काढायला हात वर जातो ना? त्याच हातानं मला फोन लाव."

११ फेब्रु.
शी.ला हळदीतलं सगळं सांगितलं.
मंग म्हणाली, "आप्पा उद्या तुला रेणुकाईच्या देवळात बोलावणारेत. माळेला हात लावून म्हणायचं, घातल्यापासून थेंब न्हाई. म्हणशील?"
"खोटं?"
"मला काय विचारतो!" ठेवला फोन.
लगेच मेसेज: जेवलास का.

१२ फेब्रु.
आई म्हणती, "म्हणून टाक बाबा, देवी माफ करती." देवी करंल. आप्पा?
माळ काढायला हात वर गेला. मॅडमना फोन लावला. "काय बोलायचं ते मी न्हाई सांगणार. बोलून झालं की कळव, आप्पांचं हो असो की न्हाई."
माळ गळ्यातच हाय. खरं तेच सांगणार. आप्पा समोर आले की मात्र...
पिंपळगावची एसटी यायची वेळ झाली. आई हाक मारून राह्यली. उठतो. दार ओढून घेतो.